एकटं वाढलेलं माकड: पूर्व विदर्भातल्या एका केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं आहे. गाव, कुटुंब आणि केंद्र यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, माकडांची नावंही बदलली आहेत. जखमी व पकडून आणलेले वन्यप्राणी सांभाळणाऱ्या या छोट्या केंद्राला मी पशुवैद्यक म्हणून मदत करते. पुढे आलेल्या बहुतेक निर्णयांच्या वेळी मी तिथं हजर होते.

राजा हा लाल तोंडाच्या माकडाचा नर, म्हणजे रीसस मकाक. गावात ‘वानर’ आणि ‘माकड’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात, पण हे प्राणी अगदी वेगळे आहेत. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर मुख्यतः पानं खातं. त्याचं पोट पाला आंबवून पचवण्यासाठी कप्प्याकप्प्यांचं असतं. लाल तोंडाचं माकड धान्य, फळं, मुळं, किडे असं सगळं खातं आणि गालांतल्या पिशव्यांत साठवतं. गोदावरीच्या दक्षिणेला दिसणारं टोपीसारख्या केसांचं माकड ही तिसरीच जात. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण सोबतीचा प्रश्न आला तेव्हा ‘माकड ते माकड, ठेवा कुणासोबतही’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं.

गावाच्या कडेला विजेच्या तारांवर राजाची आई मेली. पोटाला बिलगलेलं पिल्लू एका शेतकऱ्यानं घरी आणलं आणि त्याच्या आईनं, म्हणजे घरातल्या आजीनं, शेळीच्या दुधावर ते जगवलं. तिच्याच वाकळीत ते झोपायचं. सगळ्या गावाला त्याचं कौतुक होतं. चार वर्षांचा होता होता त्याचे सुळे वाढले आणि शेजारच्या मुलाला त्यानं चावा घेतला. कळपातला रीसस नर साधारण याच वयात आईचा कळप सोडून दुसरीकडे जायला लागतो. राजाला कुठं जायचं नव्हतं आणि आपण माकड आहोत हे शिकवणारंही कुणी नव्हतं. घरच्यांनी एकाला बोलावून त्याचा एक सुळा कापून घेतला, कमरेला चामडी पट्टा बांधला आणि वाडीतल्या चिंचेला साखळीनं अडकवून टाकला. पुढची पाचेक वर्षं तो तिथंच होता.

साखळी दीड-दोन हातांची. खायला पोळी, भात, चहा, बिस्किटं. येणारे-जाणारे काहीबाही द्यायचे, आणि कुणी गंमत म्हणून खर्राही, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. या घरातली माणसं क्रूर होती असं मला कधीच वाटलं नाही. आजी रोज त्याच्याजवळ बसायची, उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पाणी शिंपडायची. पण प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावराला दीर्घकाळ बांधून ठेवणं हे स्पष्ट शब्दांत क्रूरतेत धरलेलं आहे. राजाची साखळी त्यात नेमकी बसत होती.

दुसऱ्यांदा त्यानं एका लहान मुलाचा हात फाडला तेव्हा ग्रामपंचायतीत तक्रार गेली. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी पंचनामा केला आणि राजा केंद्रात आला.

आल्यावर काय दिसलं

पट्टा कातडीत रुतला होता, काही ठिकाणी त्यावरून मांस वाढलं होतं. तो भूल देऊनच काढावा लागला. मागच्या पायांचे स्नायू सुकलेले, दाढा किडलेल्या. वजन पाच किलोंच्या आसपास. या वयाच्या नराचं ते सात-आठ तरी असायला हवं.

शरीराची दुरुस्ती त्यामानानं सोपी होती. अवघड होतं ते त्याचं वागणं. साखळी निघाली तरी तो पिंजऱ्यात साखळीएवढ्याच वर्तुळात फिरायचा. पिंजरा बारा फूट लांब, पण त्याच्या फेऱ्या मधल्या भागातून बाहेर जात नव्हत्या. फिरणं थांबलं की बसल्या जागी पुढं-मागं झुलणं. कुणी अनोळखी माणूस जवळ आला की तो स्वतःचाच डावा हात चावायचा. त्या हातावर जुन्या वणांचा थर होता आणि त्यावर ताजी जखम.

आणि तो ‘हसायचा’. दात पूर्ण दाखवून, ओठ मागे खेचून. गावातले लोक सांगत, हा आम्हाला पाहून हसतो. रीसस माकडात ही मुद्रा भीतीची आणि शरणागतीची असते: मी तुझ्यापेक्षा खालचा आहे, मारू नकोस. मैत्रीची खूण वेगळी, ओठ भराभर मिटत-उघडत चटचट आवाज करण्याची. ती राजाला येत होती की नाही, हे आम्हाला कित्येक महिने कळलं नाही.

पहिला निर्णय इथंच घ्यावा लागला. स्वयंसेवकांची इच्छा होती की त्याच दिवशी झोका, टायर, खेळणी आत टाकावीत. त्यांची कळकळ खरी होती. तरीही आम्ही जखमेवरचे उपचार आणि सावली सोडून काही दिवस दुसरं काहीच बदललं नाही. त्याची देखभाल करणाऱ्या भाऊंनी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ ठरलेल्या वेळी पिंजऱ्यापासून लांब बसून दर मिनिटाला एक खूण करायची: फिरतोय, झुलतोय, चावतोय, खातोय, अंग खाजवतोय, नुसता बसलाय. साधी शाळेची वही. त्या नोंदींमध्ये अर्ध्याहून जास्त खुणा फिरण्याच्या आणि झुलण्याच्या निघाल्या. ही वही पुढे प्रत्येक वादात कामी आली. ‘मला वाटतं तो बरा दिसतोय’ या वाक्याला तिनं जागा ठेवली नाही.

समोरचे पर्याय

जंगलात सोडून द्या, हा पर्याय गावानं सुचवला, केंद्राबाहेरच्या काही जाणत्यांनीही. ऐकायला तो सगळ्यात दयाळू वाटतो. पण माणसात वाढलेला नर जंगलात न राहता जवळच्या वस्तीत येतो, हातातलं खाणं हिसकावतो आणि चावतो. स्थानिक कळप त्याला आत घेत नाही, फाडून काढतो. ज्याला भीतीची मुद्रा सोडून माकडाची दुसरी भाषा नीट येत नाही त्याला कळपासमोर टाकणं म्हणजे मरायला पाठवणं. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

आजीचं म्हणणं होतं, मोठा पिंजरा करून त्याला घरीच द्या. तिचा जीव तुटत होता. पण दोन मुलांना चावा झालेला, आणि घरात मोठा पिंजरा झाला तरी राहणार तो एकटाच.

मोठ्या प्राणिसंग्रहालयांकडे विचारणा केली. एकटा, सुळा कापलेला, स्वतःला चावणारा नर घ्यायला कुणाकडे जागा नव्हती, आणि मी त्यांना दोष देत नाही.

चौथा पर्याय त्याला केंद्रातच एकटा ठेवून चांगला पिंजरा आणि भरपूर एनरिचमेंट देण्याचा, म्हणजे त्याला दिवसभर स्वतःहून करण्यासारखं काहीतरी सापडेल आणि त्यात निवडीची मुभा असेल अशी मांडणी करण्याचा. पाचवा, त्यासोबत दुसरं माकड आणण्याचा.

सहाव्या पर्यायाबद्दल लोक लिहीत नाहीत, म्हणून मी मुद्दाम लिहिते. हातावरची जखम एकदा स्नायूबंधापर्यंत गेली तेव्हा वेदनारहित मृत्यूचा विषय बैठकीत निघाला. मीच काढला. जगवणं हाच हेतू ठरला तर प्राणी काय सोसतोय याकडे पाठ फिरते. आम्ही वहीत तीन गोष्टी लिहून ठेवल्या: जखम हाडापर्यंत गेली, खाणं सुटलं, किंवा सोबतीचा प्रयत्न होऊनही चावणं कमी झालं नाही, तर परत बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा. अट आधी लिहिलेली असली की ऐनवेळी भावनेच्या भरात, एकीकडे किंवा दुसरीकडे, निर्णय होत नाही.

क्षय आणि आहार

तीस दिवस त्याला बाकी प्राण्यांपासून वेगळं ठेवलं. या काळात एक गोष्ट सहज बोलताना कळली: घरातले आजोबा क्षयाच्या गोळ्या घेत होते. मकाक माकडांना माणसाचा क्षय फार लवकर लागतो आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात पसरतो. म्हणून ट्यूबरक्युलिन चाचणी केली. वरच्या पापणीच्या कातडीत अगदी थोडं औषध टोचायचं आणि २४, ४८ व ७२ तासांनी सूज आली का पाहायची. पापणीत एवढ्यासाठी की पिंजऱ्याबाहेरूनही सूज दिसते, पुन्हा पकडावं लागत नाही. सूज आली नाही. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हाही नाही. पिंजऱ्यात काम करणाऱ्यांना मास्क, हातमोजे, रेबीजची आगाऊ लस, आणि चावा किंवा ओरखडा झाला तर पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुऊन थेट दवाखाना, हे नियम लागू झाले. मकाक माकडांत असणारा हर्पीस बी विषाणू माणसात क्वचितच येतो, पण आला तर मेंदूपर्यंत जातो.

आहारात एकदम बदल केला असता तर त्यानं खाणंच सोडलं असतं. चहा पहिल्या दिवसापासून बंद केला, पोळी आणि भात हळूहळू कमी केले. त्या जागी भिजवलेले हरभरे, ज्वारी, शेंगदाणे, पालेभाज्या, मोसमाप्रमाणे पेरू, बोरं, टेंभरं, उंबरं. माकडाच्या शरीरात, माणसासारखंच, क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. त्यामुळे थंडीत आवळा आणि पेरू ठरलेले. केळ्यांचे घड घेऊन येणाऱ्या देणगीदारांना नम्रपणे थांबवणं हे या काळातलं सगळ्यात नाजूक काम होतं.

पिंजरा, आणि दिवसभराचं काम

लोखंडी जाळी, सिमेंटची फरशी, वर टिनाचं छत. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा अशा पिंजऱ्यात कुठलंही खेळणं देणं निरर्थक आहे. म्हणून आधी छतावर धानाच्या तणशीचा जाड थर टाकला, पश्चिमेकडून वाळ्याचा ताटवा लावला आणि कोपऱ्यात सिमेंटचं टाकं बांधलं. रीसस माकडं चांगली पोहतात. राजा मात्र पहिल्या उन्हाळ्यात फक्त हात बुडवून बसला.

सगळ्यात मोठा फरक ज्यानं पडला ती वस्तू खेळणं नव्हतीच. पिंजऱ्याच्या एका बाजूला बांबूचा तट्टा उभा केला, म्हणजे त्याला कुणाच्या नजरेआड जाता येईल. पाच वर्षं तो चारही बाजूंनी उघडा बसला होता. तट्टा लागला त्या आठवड्यात वहीतल्या चावण्याच्या खुणा पहिल्यांदा घटल्या. दुसरी वस्तू म्हणजे माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बसायची फळी. भ्यालेलं माकड वर चढतं. ज्याला वर जायला जागा नाही त्याची भीती दिवसभर उतरत नाही.

मग खाण्याची पद्धत बदलली. रानातलं माकड दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतं. राजाला ताटली मिळायची आणि गालाच्या पिशव्या भरून तो काही मिनिटांत मोकळा व्हायचा. अर्ध्या फरशीवर हातभर जाड तणस पसरून त्यात ज्वारी आणि हरभरे उधळले. तणसीत हात घालायला तो घाबरला. भाऊंनी मग दाणे आधी कडेला, मग थोडे आत, असं पुढं सरकवत नेलं. पावसाळ्यात तणस ओली होऊन बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृताला बाधतं, म्हणून त्या महिन्यांत पसरायला बांबूच्या कोरड्या ढलप्या आणि वाळलेली पानं वापरली.

शेजारच्या गावातल्या बुरड कारागिरांनी बांबूचे नळकांडे करून दिले, बोट आत जाईल एवढ्या भोकांचे. आत शेंगदाणे. पहिले नळकांडे कित्येक दिवस तसेच लटकत राहिले, कारण नवीन वस्तू म्हणजे त्याच्यासाठी धोका. ते आधी जाळीबाहेर, नजरेसमोर टांगले. ती वस्तू त्याला काही करत नाही हे पटल्यावर मग आत घेतले. त्यानंतर भोकं कमी केली, आत अडसर घातले, जागा बदलल्या. दोन नळकांडे एकदम द्यायचे, म्हणजे कुठला उचलायचा हे तो ठरवेल. बांबूच्या कडा घासून घ्यायच्या. नायलॉनचा दोर नाही, कारण तंतू पोटात जातात, त्याऐवजी अंबाडीचा. एका स्वयंसेवकानं आरसा आणला होता. मकाक माकड आरशातल्या स्वतःला ओळखत नाही, त्याला तिथं दुसरं माकड दिसतं. राजानं आरशाकडे तोंड उघडून धमकावलं आणि लगेच स्वतःचा हात चावला. तो आरसा त्याच क्षणी बाहेर गेला.

प्रशिक्षणही सुरू केलं. काठीच्या टोकाला लाल बूच, त्याला हात लावला की एक शेंगदाणा. पुढं त्याच काठीनं तो बाजूच्या पिंजऱ्यात जायला शिकला, मग जखमेचा हात जाळीशी धरून औषधाचा फवारा घ्यायला. हे भाऊंचं काम आहे. ते आधी गुरं राखायचे. मी एकदा विचारलं, एवढा धीर कुठून आणता, तर म्हणाले, “जनावराले घाई नसते म्याडम, घाई आपल्याले असते.” मारणं, ओरडणं, उपाशी ठेवणं यातलं काहीही न करता माकड स्वतःहून जखम दाखवतं हे पाहिल्यावर केंद्रातल्या बाकी प्राण्यांची हाताळणीही बदलली.

सोबतीचा प्रश्न

काही महिन्यांनी फिरणं आणि झुलणं बरंच कमी झालं होतं. वजन वाढलं होतं. पाहुणे म्हणत, आता छान आहे. वही वेगळं सांगत होती. चावणं कमी झालं होतं, पण एका जागी येऊन थांबलं होतं. नोंदी वेळेनुसार लावल्या तर ते दोनच प्रसंगी दिसत होतं: संध्याकाळी भाऊ घरी निघाले की, आणि केंद्रामागच्या आमराईतून रानमाकडांचा कळप हाका मारत गेला की.

माझं मत इथं ठाम झालं. नळकांडे, झोके, तणस हे सगळं लागतंच, पण माकडाची मुख्य गरज दुसरं माकड ही आहे. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत रीसस पिल्लांना आईपासून तोडून, काहींना पूर्ण एकटं वाढवलं. ती पिल्लं झुलत राहिली, स्वतःला चावत राहिली. त्या प्रयोगांतली क्रूरता वाचताना मला सहन होत नाही. पण त्यांनी जे दाखवलं ते राजाच्या डाव्या हातावर लिहिलेलं होतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात प्रयोगशाळांतल्या माकडांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद आली. आपल्या छोट्या केंद्रांनी तेवढी तरी वाट धरायला हवी.

केंद्रप्रमुख तयार नव्हते. “एक जखमी आहे, उद्या दोन होतील.” त्यांची शंका योग्य होती. नवख्या मकाकांच्या भेटीत जीव जाऊ शकतो.

एका अनाथ वानरासोबत ठेवावं, अशी सूचना होती. जात वेगळी, खाणं वेगळं, खुणांची भाषा वेगळी, म्हणून ती सोडली. केंद्रात चांदी नावाची एक उतारवयाची रीसस मादी होती, रस्त्यावर खेळ करणाऱ्याकडून आलेली. माकडांना खेळासाठी शिकवायला आणि त्यांचे खेळ करायला १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं बंदी आहे. माणूस दिसला की चांदी दोन पायांवर उभी राहून कपाळाला हात लावायची. पण ती कळपातून जरा मोठी झाल्यावर पकडलेली असावी, कारण तिला माकडाचे रीतिरिवाज येत होते. म्हणूनच आम्ही तिला निवडलं. वयानं मोठी, शांत आणि भाषा येणारी.

पिल्लं होऊ द्यायची नव्हती. राजाचं खच्चीकरण करावं की नसबंदी, यावर चर्चा झाली. नसबंदीनं संप्रेरकं तशीच राहतात, त्यामुळे नर म्हणून त्याचं वागणं आणि चांदीचा त्याला मिळणारा प्रतिसाद बिघडत नाही. नसबंदी केली, आणि त्यानंतरही काही आठवडे शुक्राणू राहतात म्हणून थांबलो.

दोन पिंजरे शेजारी आणले, मध्ये आधी पत्रा, मग पत्र्याच्या जागी बारीक जाळी, मग बोटं जातील एवढी जाळी. बारीक जाळी लागली त्या दिवशी राजानं दात दाखवले. चांदीनं त्याच्याकडे पाठ केली आणि खात बसली. तिसऱ्या टप्प्यात तिनं जाळीला पाठ टेकवली, म्हणजे माझे केस विंचर असं निमंत्रण. राजाला विंचरता येत नव्हतं. त्यानं केस ओढले. ती वळली, तोंड उघडून रोखून पाहिलं, पुन्हा पाठ केली. असं बरेच दिवस चाललं. आम्ही यात काहीच शिकवलं नाही, शिकवणारी तीच होती. एका सकाळी भाऊंनी वहीत वेगळी खूण केली आणि शेजारी लिहिलं: ओठ चटचट, दोघांचे.

दार उघडायचा दिवस थंडीतला निवडला, कारण उन्हाळ्यात दोघंही आधीच चिडलेली असतात. दोन्हीकडे बाहेर पडायला वाटा, जेणेकरून कुणी कोपऱ्यात अडकणार नाही. खाणं आठ-दहा ठिकाणी विखुरलेलं. पाण्याची नळी आणि भूलेचं इंजेक्शन तयार. राजानं तिला हुसकावलं, शेपटीला एक चावा घेतला, वरवरचा. केंद्रप्रमुख म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, थांबूया, ती पळत नाहीये. पाठलाग चालूच राहिला, किंवा तिचं खाणं थांबलं, तर बंद करायचं असं आधी ठरलं होतं. दोन्ही झालं नाही. दुपारी ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून शेंगदाणे फोडत होती.

रात्री मात्र त्यांना वेगळं ठेवत राहिलो, कारण रात्री पाहायला कुणी नव्हतं. बरेच आठवडे ही दक्षता चालली. भाऊ एकदा म्हणाले, दोघं जाळीला चिकटून झोपतात, थंडी तर दोघांलेही लागते ना जी. त्यानंतर एक माणूस केंद्रात मुक्कामी ठेवून दार उघडं ठेवलं.

आजीची भेट

क्षयाच्या चाचण्यांपर्यंत भेट पूर्ण बंद ठेवली होती. नंतरही जोडी जमेपर्यंत थांबायला सांगितलं. आजी आली ती मुरमुऱ्यांची पिशवी घेऊन. लांबून पाहिल्यावर राजानं ओळखलं, आवाज काढला, जाळीशी आला, आणि दात दाखवले. “हासला माझा राजा,” ती म्हणाली. सांगावं की नको, असा प्रश्न मला पडला. त्या माऊलीकडून शेवटची गोष्टही काढून घ्यायची का? पण तिच्या घरात आणि गावात लहान मुलं आहेत, आणि दात दाखवणाऱ्या माकडाजवळ ‘हसतंय’ म्हणून जाणारं मूल चावा खातं. मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मंग इतके साल तो भेतच होता का बाई?”

मी तिला खरं तेच सांगितलं की सगळा वेळ नाही, आणि तिच्या दुधामुळेच तो जगला. मुरमुरे आम्ही तणसीत टाकले. त्यानंतर ती बोरांच्या मोसमात नातवाच्या हाती बोरं पाठवते.

परिणाम

जखम भरली. चावणं पूर्ण गेलं नाही. मोठा आवाज झाला, अनोळखी लोक आले, की तो आजही हाताकडे तोंड नेतो, पण बहुतेक वेळा कातडी फुटत नाही. अनोळखी माणसासमोर झुलणंही राहिलं आहे. लहानपणी एकटेपणात पडलेल्या सवयी पूर्ण पुसल्या जात नाहीत, आणि ते कुणी कबूल करत असेल तर मला त्याचा जास्त विश्वास वाटतो. मृत्यूच्या विषयासाठी ठरवलेल्या अटींपैकी एकही पुरी झाली नाही. बैठकीनं तसं नोंदवून तो विषय बंद केला.

चांदीचं सलाम करणंही आता क्वचितच दिसतं. त्यासाठी केलं एवढंच की पाहुण्यांना त्या बाजूला नेणं थांबवलं आणि सलामाला कधीच खाऊ दिला नाही. राजा आता तिला नीट विंचरतो. टाक्यात ती आधी उतरली, दुसऱ्या उन्हाळ्यात तोही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सर्वात मोठी संधी पहिल्याच दिवशी होती, तारांखाली. ते पिल्लू त्या आठवड्यात केंद्रात आलं असतं तर चांदीसारख्या मादीनं कदाचित त्याला जवळ घेतलं असतं, नाहीतर निदान दुसऱ्या पिल्लांसोबत वाढवता आलं असतं. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेत असायला हवा. वीज कंपनीकडे त्या तारांवर आवरण घालण्याची मागणीही आम्ही ग्रामपंचायतीमार्फत केली आहे.

केंद्राच्या बाजूनं क्रम बदलायला हवा. हातात असलेला पैसा आधी फळ्या, झोके, टाकं यांत गेला आणि शेजारचा पिंजरा शेवटी झाला. तट्टा आणि उंच फळी आधी हवीच, पण त्यापाठोपाठ लगेच जोडपिंजरा आणि मधलं जाळीचं दार. विलगीकरण संपलं की सोबतीची तयारी सुरू, बाकीची मांडणी सोबत चालू राहील. नसबंदी मात्र पट्टा काढताना दिलेल्या भुलेतच उरकली असती असं काहींना वाटतं, ते मला पटत नाही. त्या वेळची त्याची प्रकृती ते सोसण्यासारखी नव्हती.

आणखी एक गोष्ट राहिली: रात्रीच्या नोंदी. एक साधा कॅमेरा असता तर रात्रीचं दार कितीतरी आधी उघडता आलं असतं. आता तो बसवला आहे.

चांदी म्हातारी आहे आणि राजा अजून दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. माणसाकडे राहणारी रीसस माकडं पंचवीस वर्षांपुढेही जातात. ती गेली तर तो पुन्हा एकटा पडेल, म्हणून तिसऱ्या माकडाचा विचार ती धडधाकट असतानाच सुरू केला आहे. मोठा नर आणला तर मारामारी होईल, म्हणून लहान वयाचं पिल्लू किंवा शांत मादी हे दोनच पर्याय खुले ठेवले आहेत. तिसऱ्या पिंजऱ्याची जाळी लावून झाली आहे. मधल्या दाराचं काम बाकी आहे, आणि ते पावसाळ्याआधी संपवायचं ठरलं आहे.